चारशे बारा मिलिसेकंद

आईने अण्णांच्या स्कूटरवर बसणं सोडलं त्याला सव्वा वर्ष होऊन गेलं होतं, आणि चामराजपेटेतल्या त्या तीन माणसांच्या घरात यावरून उघड दोन पक्ष पडले होते. एका बाजूला आई, म्हणजे हेमलताबाई. दुसऱ्या बाजूला अण्णा, म्हणजे श्रीकांत हुक्केरीकर, वय एकाहत्तर, सरकारी कारखान्याच्या टेस्टिंग विभागातून निवृत्त. मुलगी उल्का मधे. तिला दोघांचंही ऐकावं लागायचं, आणि दोघांनाही वाटायचं की ती दुसऱ्याच्या बाजूची आहे.

निमित्त एका हंपचं झालं. जयनगरला जाताना अण्णांनी रस्त्यातला चांगला पांढरे पट्टे मारलेला हंप पाहिलाच नाही, स्कूटर तशीच घातली, आणि मागे बसलेली आई वीतभर उडून परत सीटवर आपटली. आईने विचारलं, "दिसला नाही का?" अण्णा म्हणाले, "दिसला की. विचारात होतो." कसल्या विचारात होतात, हे आईने घरी पोचेपर्यंत तीनदा विचारलं आणि अण्णांना एकदाही सांगता आलं नाही. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. एकाच लग्नाला जायचं तरी अण्णा स्कूटरवर पुढे आणि आई ऑटोत मागे, अशी वरात निघायची. नातेवाईक हसायचे. आई म्हणायची, "हसा. मला अजून जगायचंय."

उल्का चौतीस वर्षांची होती आणि शहरातल्या एका संशोधन संस्थेत मानसशास्त्राच्या प्रकल्पावर काम करत होती. आठ वर्षांच्या मुलापासून ऐंशीच्या म्हाताऱ्यापर्यंत माणसाचं लक्ष किती टिकतं, त्याचा हात किती वेगाने चालतो, तो नवी गोष्ट किती लवकर शिकतो, हे मोजायचं. यावरच तिचा प्रबंध होता आणि तो सहा महिन्यांत द्यायचा होता. काम दिसायला पोरखेळ. काळ्या पडद्यावर मधूनच एक पिवळा ठिपका उमटतो, तो दिसला की बटण दाबायचं. ठिपका कधी दोन सेकंदांनी येतो, कधी नऊ. असे दोनशे चाळीस ठिपके. लहान पोरं खुर्चीत वळवळत दाबतात, विशीतली मुलं बाहेर ठेवून आलेल्या फोनची आठवण काढत दाबतात, आणि सत्तरीतली माणसं बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखी दाबतात.

यातल्या सगळ्याच नोंदी वापरत नाहीत. कोणी ठिपका यायच्या आधीच घाईने बटण दाबतं, कोणाला शिंक येते, कोणी नाक खाजवत बसतं. म्हणून दीड सेकंदाहून उशिरा आलेलं उत्तर हे उत्तरच नव्हे असं धरायचं, आणि प्रोग्राम ते आपोआप रद्द करतो. दहा टक्क्यांपर्यंत नोंदी रद्द झाल्या तर चालतं. त्याहून जास्त झाल्या तर तो माणूसच यादीतून जातो. हजार माणसांची सरासरी काढायला ही पद्धत उत्तम होती. एकट्यादुकट्या माणसाबद्दल बोलायला ती नव्हती, आणि म्हणूनच सहभागी माणसाला त्याचा आकडा कधीही सांगायचा नाही असा संस्थेचा नियम होता. प्रकल्पात नवी मुलं आली की हा नियम त्यांना उल्काच समजावून सांगायची, तोही जरा दरडावून.

सत्तरीच्या गटात माणसं कमी पडत होती. उल्काने घरी जेवताना तशी कुरकुर केली, तर अण्णा म्हणाले, "मी येतो की." तिला नवलच वाटलं. साधं बीपी मोजायला नेताना ज्यांच्याशी तासभर हुज्जत घालावी लागते, ते अण्णा आपण होऊन डोक्याला तारा लावून घ्यायला निघाले. "तारा नसतात हो अण्णा," ती म्हणाली. "सरी, सरी. नसतील तर नसू देत," अण्णा कानडीच्या सवयीने म्हणाले.

नात्यातल्या माणसाची चाचणी दुसऱ्याने घ्यायची असते, म्हणून तिच्या सहकाऱ्याने घेतली. अण्णा खोलीतून बाहेर आले ते घामाघूम होऊन. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. दारात चपला काढताना मात्र विचारलं, "कधी कळणार?"

"तसं सांगत नाहीत, अण्णा."

"सांगत नाहीत म्हणजे? टेस्ट केली की रिपोर्ट पाहिजे."

मग रोज सकाळी चहाला हाच पाढा. आठ दिवस तिने दम धरला. नवव्या दिवशी संस्थेत बसल्याबसल्या तिने अण्णांची, एकशे सत्त्याऐंशी नंबरची ओळ उघडली. सरासरी चारशे बारा मिलिसेकंद. त्यांच्या गटाची पाचशेच्या घरात होती, म्हणजे अण्णा चांगलेच पुढे. शेजारच्या रकान्यात राखाडी अक्षरात होतं, रद्द एकवीस. मर्यादा चोवीसची. एकवीस म्हणजे चोवीसच्या आत, एवढा विचार तिने केला आणि ओळ बंद केली. कोणतीही ओळ ती अशीच बंद करायची.

त्या दिवशी जेवताना तिने सांगून टाकलं. "चारशे बारा, अण्णा. पन्नाशीतल्या माणसाचा येतो तेवढा."

अण्णांचा घास हातातच राहिला. "नक्की? माझाच ना तो?"

"तुमचाच. नंबर माहितीये मला."

अण्णा हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. बापाला एवढा आनंद झालेला उल्काने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तिलाही बरं वाटलं. नियम मोडल्याची बोच होती, पण घरातलं भांडण मिटतंय म्हटल्यावर ती कोण मनावर घेतो. आईने मात्र ताट बाजूला सरकवलं आणि विचारलं, "उल्का, खरं सांग. तुझे अण्णा आहेत म्हणून नको सांगू. बसू का मी यांच्या मागे?"

"बिनधास्त बस," उल्का म्हणाली.

आईचा मशीनवर काडीचा विश्वास नव्हता. लेकीवर होता. पुढच्याच रविवारी ती स्कूटरवर बसली, एका हाताने अण्णांचा खांदा धरून, दुसऱ्या हाताने पदर आवरून. अण्णांनी तो आकडा मराठी मंडळात इतक्या लोकांना ऐकवला की तिथे त्यांचं नावच पडलं. "काय चारशे बारा, आज एकटेच?" असं कोणी विचारलं की ते मान वळवून आईकडे बोट दाखवायचे.

सात आठवडे असे गेले. मग एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता दोघं जयनगरला खणाचं कापड आणायला निघाली, आणि बाजाराच्या अलीकडे अण्णांची स्कूटर एका ऑटोच्या मागच्या बाजूवर जाऊन धडकली. अण्णांचं उजवं मनगट मोडलं. आई डोक्यावर पडली. हेल्मेट होतं, पण ते फूटपाथवर मिळणारं, टोपीसारखं, दंड टाळण्यापुरतं. ते आधीच उडालं. आई तीन दिवस काचेपलीकडे होती, आणि चौथ्या दिवशी पहाटे गेली.

अण्णा रडले नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगायचे, "मी नीट चाललो होतो. तो आडवा आला." शब्दही तेच, क्रमही तोच. पोलिसांनाही त्यांनी तसंच सांगितलं होतं. रस्त्यावरचा कॅमेरा बंद होता, ऑटोतली बाई गर्दीत निघून गेलेली. सत्तरी ओलांडलेला निवृत्त इंजिनियर, हाताला प्लास्टर, बायको गेलेली. त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा कोणी? ऑटोवाल्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला आणि त्याची ऑटो ठाण्याच्या आवारात जाऊन उभी राहिली.

उल्कानेही विश्वास ठेवला. ठेवणारच. अण्णांचा हात चारशे बारात चालतो, मग चूक दुसऱ्याचीच. बाराव्याच्या स्वयंपाकाच्या धांदलीतसुद्धा तो आकडा तिला धीर देत होता.

तेरावा झाला आणि तीन दिवसांनी ऑटोवाला घरी आला. पुट्टराजू त्याचं नाव. चाळिशीचा, खाकी शर्ट धुऊन इस्त्री केलेला. तो आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. अण्णा आत झोपले होते. उल्काला कानडी येते हे त्याला माहीत नसावं, म्हणून तो अडखळत हिंदीत बोलला.

"अक्का, मैं खड़ा था. पॅसेंजर उतर रही थी. उसका एक पैर नीचे था."

उल्काने मागे वळून आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"मैंने मिरर में देखा. आपके फादर सीधा मेरी तरफ देख रहे थे. दूर से. आँख खुली थी. मुझे लगा, देख लिया है, बाजू से निकल जाएँगे." त्याने हात जोडले. "इसलिए मैं हिला नहीं, अक्का. मुझे हिलना चाहिए था."

केस मागे घ्या असं तो म्हणाला नाही. त्याने आईच्या फोटोकडे बाहेरूनच नमस्कार केला आणि जिना उतरून गेला. डोळे उघडे, सरळ समोर बघणारे, आणि तरी माणूस जागचा हलत नाही, हे तिने कुठे वाचलं होतं ते तिला चांगलं माहीत होतं. तिच्याच प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात.

दुसऱ्या दिवशी दुपारी संस्थेत तिने एकशे सत्त्याऐंशीची मूळ फाईल उघडली, साफ केलेली नव्हे. दोनशे चाळीस ओळी. चारशे सहा, तीनशे नव्वद, चारशे एकवीस, छान, एका लयीत. सातव्या ठिपक्याला तीन सेकंद आणि वर काही. मग पुन्हा तीनशे अठ्ठ्याण्णव. एकोणिसाव्याला सव्वादोन सेकंद. चौतिसाव्याला काहीच नाही, पुढचा ठिपका येईपर्यंत बटण दाबलेलंच नाही. असे एकवीस. थकव्याने शेवटी शेवटी झाले म्हणावेत तर तसंही नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखे पसरलेले. बाकीच्या दोनशे एकोणीस वेळा अण्णांचा हात खरंच पन्नाशीतला होता. राहिलेल्या एकवीस वेळा त्या खुर्चीत कोणी नव्हतं. प्रोग्रामने ते एकवीस उचलून बाजूला ठेवले आणि उरलेल्यांची सरासरी काढून दिली, आणि उल्काने ती आईच्या पानात वाढली.

ती तिथेच बसून राहिली. मैत्रेयी मॅडम, तिच्या मार्गदर्शक, दारातून डोकावून "बरी आहेस ना?" म्हणाल्या, तेव्हा तिने लॅपटॉप पटकन मिटला. आपण हे का केलं हे तिला नंतर बराच वेळ कळलं नाही. मग कळलं आणि स्वतःची किळस आली. अण्णांना सांगितलं तर त्यांच्या हातून बायको गेली हे त्यांना कळेल. न सांगितलं तर पुट्टराजूचं लायसन जाईल, कदाचित तुरुंगही होईल. आणि कोणालाही सांगितलं तरी सहभागी माणसाला आकडा सांगितल्याचं बाहेर येईल, आणि मग प्रबंध कसला नि प्रकल्प कसला. तिसऱ्या गोष्टीचं ओझं पहिल्या दोहोंच्या शेजारी ठेवायलाही तिला लाज वाटत होती, पण ते होतं.

चार दिवस तिने तोंडाला कुलूप लावलं. पाचव्या दिवशी अण्णांनीच विषय काढला. ऑटोवाल्याविरुद्धच्या केससाठी गाठलेल्या वकिलाने सांगितलं होतं, संस्थेचं पत्र आणा, चालकाचा हात आणि लक्ष उत्तम होतं असं.

"पत्र नाही मिळणार, अण्णा. नियम नाही तसा."

"पत्र नको तर नको. माझी रीडिंग दे." अण्णा डाव्या हाताने टेबलावर टकटक करत होते. "सगळी दे. चौतीस वर्षं मी रीडिंगच वाचली आहेत. सरासरीवर मी कधी सही केली नाही."

तिला नाही म्हणता आलं नाही. खरं तर ती त्याचीच वाट पाहत होती. आपल्या तोंडाने सांगायचं धैर्य नव्हतं, कागदाने सांगितलं तर बरं, इतपतच तिची मजल होती. तिने छापून आणलेली सहा पानं पर्समधून काढून अण्णांसमोर ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसली.

अण्णांनी चष्मा लावला. डाव्या हातात पेन्सिल धरली. ते कारखान्यात वाचत असतील तसे वाचत होते, एकेक ओळीवर पेन्सिल फिरवत, घाई न करता. सातव्या ओळीपाशी थांबले. बारीक खूण केली. पुढे गेले. एकोणीसपाशी खूण. चौतीसपाशी खूण. पानं उलटत राहिली. शेवटचं पान झालं तेव्हा त्यांनी खुणा मोजल्या, आणि समासात वाकड्या अक्षरात हिशेब मांडला. ताशी तीस म्हणजे सेकंदाला सव्वाआठ मीटर. सगळ्यात उशिराचं उत्तर चार सेकंदांचं, म्हणजे तेहतीस मीटर. बाजाराच्या अलीकडचा तो सरळ रस्ता साधारण तेवढाच होता.

उल्का म्हणाली, "अण्णा, मी तेव्हा हे बघायला हवं होतं. हे एकवीस प्रोग्रामने काढून टाकले होते. मला आकडा दिसला होता, पण मी..." तिने समासातल्या हिशेबावर बोट ठेवलं. "चूक माझी आहे. तुम्हाला काय माहीत असणार."

अण्णांनी चष्मा काढला. बराच वेळ ते तिच्याकडे पाहत होते, आणि ते तिच्याकडेच पाहत आहेत ना, अशी तिला भीती वाटली.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"मधेच काहीतरी गळून जायचं. हंपच्याही आधीपासून. दूध ओतता ओतता, पेपर वाचता वाचता. डोळे उघडे, पण मी नसायचो. परत आलो की वाटायचं, असू दे, वय झालं." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "त्या तुझ्या खोलीतही झालं. ठिपका आलेला दिसायचा, म्हणजे तो कधीपासून तिथे आहे असं दिसायचा. मी म्हटलं, झालं, मशीनने पकडलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"लाज वाटली गं. हेमाला सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी गाडी विकली असती. डॉक्टरकडे जायचा धीर नव्हता. तू जेवताना म्हणालीस की माणसं कमी पडतात. मी म्हटलं, बरं झालं, आपल्या घरातलं मशीन आहे, ते सांगेल काय ते. मी तुला मदत करायला नव्हतो आलो. मी विचारायला आलो होतो." त्यांनी पानं एकावर एक नीट जुळवली. "आठ दिवस मी वाट बघितली. तू चारशे बारा म्हणालीस. मी म्हटलं, सुटलो."

उल्का टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. अण्णांनी प्लास्टरचा हात तिच्या डोक्याकडे नेला, पण तो जड होता, तिला लागेल म्हणून परत घेतला. "तो ऑटोवाला आडवा नव्हता आला," ते थोड्या वेळाने म्हणाले. "मला तो एकदम समोर दिसला. म्हणून मला तसंच वाटलं. उद्या सकाळी जाऊ."

दुसऱ्या दिवशी दोघं ठाण्यात गेली. सबइन्स्पेक्टर एक तरुण बाई होत्या, बोलायला शांत. आवारात पुट्टराजूची ऑटो धुळीने भरली होती. अण्णांनी कानडीत सगळं सांगितलं. आपल्याला दिसलं नाही, आपलं लक्ष मधेच जातं, तो माणूस थांबलेलाच होता, आधीचा जबाब चुकीचा होता. बाई लिहीत गेल्या. मधे एकदा थांबून त्यांनी अण्णांना पाणी दिलं, आणि याचा अर्थ गुन्हा तुमच्यावर येईल हे कळतंय ना, असं विचारलं. अण्णांनी होकाराची मान हलवली.

"लक्ष जातं हे माहीत होतं, तरी बायकोला मागे बसवलंत," बाई म्हणाल्या. रागाने नव्हे, नोंद पुरी करायला विचारावं तसं. "गाडी चालवायला हरकत नाही असं कोणी सांगितलं होतं का तुम्हाला? डॉक्टरने वगैरे?"

अण्णांनी उल्काकडे पाहिलं नाही.

"यारू इल्ला," ते म्हणाले. कोणीही नाही. "माझं मीच ठरवलं."

उल्काला बोलायचं होतं. मी सांगितलं, एवढंच. तिला आईने बाजूला सरकवलेलं ताट आठवलं. मैत्रेयी मॅडम आठवल्या, तीन महिन्यांवर आलेली तारीख आठवली, आणि ती आठवली याचा संताप आला. बाईंनी पान उलटलं, पेन झटकलं, पुढचा प्रश्न विचारला. उल्काने तोंड उघडलं तेव्हा बाई स्कूटरचा नंबर लिहून घेत होत्या.